१,९८,५८,५५,७६,१८९ : एका बारा अंकी संख्येची पायरीपायरीने तपासणी

समोर लांबलचक संख्या आली की नवखा माणूस आधी तिच्या अंकांशी खेळायला लागतो. बेरीज करून बघतो, उलटी वाचून बघतो, शेवटचे दोन अंक बघतो. त्यात गैर काही नाही, पण एवढ्याने संख्येचा स्वभाव कळत नाही. आधी मूळ अवयव पाडायचे, तेही अगदी शेवटपर्यंत, आणि मग बाकीचं सगळं. हा क्रम मी इथे एकाच संख्येवर करून दाखवतो.

संख्या आहे १,९८,५८,५५,७६,१८९, म्हणजे १९,८५८ कोटी ५५ लाख ७६ हजार १८९. कागद, पेन्सिल आणि दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर एवढं साहित्य पुरे. शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या अंधूक आठवत असल्या तरी चालेल. ही संख्या मी उगाच निवडलेली नाही. तिच्यामागे १६३८ सालचं एक पत्र आहे, पण ते अवयव पाडून झाल्यावर.

पायरी १ : संख्या दोन प्रकारे लिहून घ्या

वाचण्यासाठी आपले नेहमीचे स्वल्पविराम. हिशेबासाठी मात्र उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: १९८ | ५८५ | ५७६ | १८९. अशा गटांचा उपयोग तिसऱ्या पायरीत होईल.

अंकांची बेरीजही आत्ताच करून कोपऱ्यात लिहून ठेवा: ७२. पुढे संख्या पुन्हा उतरवाल तेव्हा ही बेरीज ताडून बघायची. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही ताडणी ते पकडत नाही, म्हणून उतरवताना गटागटानेच उतरवा.

पायरी २ : २, ३ आणि ५ हे तीन चटकन उरकून टाका

शेवटचा अंक ९. म्हणजे संख्या विषम, आणि ५नेही भाग जात नाही. अंकांची बेरीज ७२, तिला ९ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

१,९८,५८,५५,७६,१८९ ÷ ९ = २२,०६,५०,६४,०२१

भागाकाराची पुन्हा बेरीज करा: २८. आता ३ने भाग जात नाही. म्हणजे आपल्या संख्येत ३चा घातांक २, ना कमी ना जास्त. एकदा भाग गेला की त्याच अवयवाने पुन्हा भागून बघायचं, ही सवय इथेच लावून घ्या. नवख्यांच्या निम्म्या चुका ती नसल्यामुळे होतात.

पायरी ३ : ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

७ची कसोटी शाळेत बहुतेकांना पाठ होत नाही, आणि १३ची कोणी शिकवतच नाही. दोन्हींची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१ एवढं लक्षात ठेवा. १००० हे १००१पेक्षा एकने कमी, म्हणून तीन अंकी गट आळीपाळीने अधिक-उणे केले की जे उरतं, त्याला ७, ११ किंवा १३ने भाग गेला तर संख्येलाही त्याच अवयवाने जातो.

दुसऱ्या पायरीतल्या भागाकाराचे गट: २२ | ०६५ | ०६४ | ०२१

उजवीकडून: २१ − ६४ + ६५ − २२ = ०

शून्य! म्हणजे तिन्ही अवयव एकदम हजर. १००१ने भागा: २,२०,४३,०२१. पुन्हा तोच प्रयोग: २१ − ४३ + २२ = ०. पुन्हा तिन्ही! पुन्हा १००१ने भागा: २२,०२१. तिसऱ्यांदा: २१ − २२ = −१. आता मात्र ७, ११, १३ यांपैकी एकानेही भाग जात नाही.

आतापर्यंतचा हिशेब असा:

संख्या = ३² × ७² × ११² × १३² × २२,०२१

बारा अंकी संख्या दहा मिनिटांत इथवर आली. अशी सोपी चाल दर वेळी मिळत नाही. एखादी संख्या सहज उचललीत तर तिथे कंटाळवाणे भागाकार करावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

पायरी ४ : २२,०२१ मूळ आहे का?

खरी परीक्षा इथे आहे. शेवटी १ आहे, २, ३, ५, ७, ११, १३ या सगळ्यांनी हात टेकले आहेत, आणि दिसायलाही संख्या अगदी मूळ वाटते. वाटण्यावर जायचं नाही. नियम असा: वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघा, एकानेही भाग गेला नाही तरच ती मूळ. कारण सरळ आहे. संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर त्यांतला लहान अवयव वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही.

१४८ × १४८ = २१,९०४ आणि १४९ × १४९ = २२,२०१. म्हणजे १४८पर्यंत जायचं. तिथवर मूळ संख्या ३४, त्यांतल्या सहा आपण तपासल्या. उरल्या २८, म्हणजे १७पासून १३९पर्यंत.

१७ने भागल्यावर बाकी ६. पुढची १९: १९ × १,१५९ = २२,०२१. भाग गेला! दुसऱ्याच प्रयत्नात सापडली. आता १,१५९ला पुन्हा १९ने भागा (सवय!): ६१. आणि ६१ मूळ आहे.

संख्या = ३² × ७² × ११² × १३² × १९² × ६१

सगळे अवयव परत गुणून सुरुवातीची संख्या येते का ते बघा. हा गुणाकार टाळू नका. पुढचं सगळं याच ओळीवर उभं आहे.

पायरी ५ : विभाजक किती?

प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि गुणाकार करायचा. ३चा घातांक ० घ्या, १ घ्या किंवा २ घ्या, असे तीन पर्याय. प्रत्येक वर्गाचे तसेच तीन, आणि ६१चे दोन.

३ × ३ × ३ × ३ × ३ × २ = ४८६ विभाजक.

२२,०२१ला मूळ समजून चौथी पायरी गाळली असतीत तर उत्तर १६२ आलं असतं. एका आळसाने ३२४ विभाजक गायब. पण त्या आळसाचा खरा फटका पुढच्या पायरीत बसतो.

पायरी ६ : न्यून, परिपूर्ण की विपुल?

संख्येचे स्वतःला सोडून बाकी सगळे विभाजक मिळवा. बेरीज संख्येपेक्षा कमी आली तर संख्या न्यून, जास्त आली तर विपुल, आणि नेमकी तेवढीच आली तर परिपूर्ण. ६चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. म्हणून ६ परिपूर्ण. त्यानंतर २८, ४९६, ८,१२८, आणि मग एकदम उडी: ३,३५,५०,३३६. या सगळ्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. असलीच तर ती १च्या पुढे १,५०० शून्यं दिल्यावर येणाऱ्या संख्येपेक्षा मोठी असणार, एवढं ओशेम आणि राव या दोघा गणितींनी २०१२ साली दाखवलं.

आपल्या संख्येचे ४८६ विभाजक एकेक करून मिळवत बसायचं नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी एक कंस करा आणि कंस गुणा. कंस सोडवून लिहिले की प्रत्येक विभाजक त्यात बरोबर एकदा येतो, म्हणून हे चालतं. या बेरजेत संख्या स्वतःही धरलेली असते. तेव्हा परिपूर्णतेची कसोटी अशी होते, की सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट आली पाहिजे.

आधी फक्त ३² × ७² × ११² × १३² एवढाच तुकडा घेऊ. हा ३,००३चा वर्ग, म्हणजे ९०,१८,००९.

(१+३+९) = १३
(१+७+४९) = ५७
(१+११+१२१) = १३३
(१+१३+१६९) = १८३

१३ × ५७ = ७४१, त्याला १३३ने गुणून ९८,५५३, त्याला १८३ने गुणून १,८०,३५,१९९.

आता ९०,१८,००९ची दुप्पट बघा: १,८०,३६,०१८. फरक फक्त ८१९चा! जवळजवळ दोन कोटींच्या हिशेबात आठशे एकोणीसने हुकली. मग मनात येतंच, की एखादी मूळ संख्या गुणून हा फरक भरून काढता येईल का?

मूळ संख्या प घ्या. तिने गुणलं की संख्या प पट होते आणि विभाजकांची बेरीज (प + १) पट होते. म्हणजे (प + १) आणि प यांचं गुणोत्तर १,८०,३६,०१८ आणि १,८०,३५,१९९ यांच्या गुणोत्तराएवढं हवं. दोन्हींना ८१९ने भागा. येतात २२,०२२ आणि २२,०२१. तंतोतंत एकाचा फरक!

म्हणजे २२,०२१ मूळ असती, तर आपली संख्या परिपूर्ण ठरली असती, आणि तीही विषम. नोव्हेंबर १६३८मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती रने देकार्त यांनी मर्सेन या दुसऱ्या फ्रेंच विद्वानाला लिहिलेल्या पत्रात हेच उदाहरण आहे. विषम परिपूर्ण संख्या नसावीच असं मानायला काही कारण दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुष्टीला हा गुणाकार: २२,०२१ मूळ असती तर. ती मूळ नाही, हे आपण १७नंतरच्या पहिल्याच भागाकारात पाहिलं. या संख्येला आज देकार्तची संख्या म्हणतात. मला विचाराल तर फसलेल्या उदाहरणांमध्ये इतकं देखणं दुसरं नाही.

आता खरा हिशेब. २२,०२१ = १९² × ६१, म्हणून तिच्यासाठीचे कंस (१+१९+३६१) = ३८१ आणि (१+६१) = ६२. गुणाकार २३,६२२. मूळ समजलो असतो तर २२,०२२ घेतले असते, चूक १,६००ची.

१,८०,३५,१९९ × २३,६२२ = ४,२६,०२,७४,७०,७७८

संख्येची दुप्पट: ३,९७,१७,११,५२,३७८

बेरीज मोठी, म्हणून संख्या विपुल, २८,८५,६३,१८,४००ने जास्त. हा जादा आकडा म्हणजे १,८०,३५,१९९ × १,६००. आपली चौथ्या पायरीतली संभाव्य चूक इथे अडीच हजार कोटींहून मोठी होऊन बसते.

विषम आणि विपुल हा मेळ तसा कमी आढळतो. सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे. तिच्या स्वतःव्यतिरिक्तच्या विभाजकांची बेरीज ९७५ येते. करून बघा, ९४५ = ३³ × ५ × ७.

पायरी ७ : वर्ग आहे का? दोन वर्गांची बेरीज आहे का?

अवयव हातात असताना हे दोन्ही प्रश्न फुकटात सुटतात. पूर्ण वर्ग असायला सगळे घातांक सम हवेत. ६१चा घातांक १ आहे, म्हणून नाही. पण त्या एका ६१मुळेच: संख्या = ६१ × ५७,०५७². अवयव न पाडताही हे कळलं असतं. कुठल्याही विषम वर्गाला ८ने भागल्यावर बाकी १च उरते, आणि ८ची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर चालते. १८९ला ८ने भागून बाकी ५. वर्ग नाही, विषय संपला. मोठी संख्या वर्ग नाही हे दाखवायचं असेल तर आधी ही कसोटी लावा.

दोन वर्गांच्या बेरजेचा नियम फर्माने सांगितला आणि पुढे ऑयलरने सिद्ध केलेल्या गोष्टींवर उभा राहिला: ४ने भागल्यावर बाकी ३ उरते अशा प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. आपल्याकडे असे अवयव ३, ७, ११ आणि १९. चौघांचेही घातांक २. म्हणजे जमतं. मांडायचं कसं? ६१ = ५² + ६², आणि बाकीचा भाग ५७,०५७चा वर्ग आहेच. तोच आत घ्या:

२,८५,२८५² + ३,४२,३४२² = ८१,३८,७५,३१,२२५ + १,१७,१९,८०,४४,९६४ = १,९८,५८,५५,७६,१८९

२८५ २८५ आणि ३४२ ३४२, हे गट असे जुळे का आले? ५७,०५७ म्हणजे ५७ × १,००१, म्हणून. तिसऱ्या पायरीतला १००१ इथे पुन्हा भेटला. अशा आणखी दोन मांडण्या आहेत, कारण १३सुद्धा दोन वर्गांची बेरीज आहे. त्यांतली एक ४,२५,७३३² + १,३१,६७०². दुसरी तुम्ही शोधा. सूत्र देतो: १०,३०९ = ४७² + ९०².

पायरी ८ : आता अंकांशी खेळा

ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली. आतापर्यंतचे गुणधर्म संख्या कुठल्याही पद्धतीने लिहिली तरी टिकतात. इथून पुढचे मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहेत. संगणकासारखं दोनच्या पटीत लिहिलं की ते बदलतात. त्यामुळे गणितातल्या बऱ्याच पंडितांना हा प्रांत हलका वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि आपल्याकडे तर या प्रांताचा राजाच होऊन गेला. द. रा. कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची. १९८६ साली ते गेले तोवर ६१७४चा स्थिरांक (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून पुन्हापुन्हा वजाबाकी केली की शेवटी हाच येतो) त्यांच्या नावाने जगभर पोचला होता.

त्यांच्या दोन कसोट्या लावू. पहिली हर्षद संख्येची: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग जायला हवा. बेरीज ७२, संख्या विषम. विषमला ७२ने भाग कसा जाणार? हर्षद नाही.

दुसरी स्वयंभू संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. २१मध्ये २ + १ मिळवून २४. जी संख्या अशा रीतीने कुठल्याच संख्येपासून तयार होत नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येचा जनक शोधायचा तर आंधळेपणाने शोधायची गरज नाही. संख्येला ९ने भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा, आणि त्याच्या अंकांची बेरीजही ९च्या पटीत हवी. बारा अंकांची बेरीज १०८च्या वर जात नाही. म्हणजे ९, १८, २७ असे बाराच उमेदवार. पहिले नऊ अंक सगळीकडे तेच राहतात, त्यांची बेरीज ५४. फक्त शेवटचे तीन बदलतात. ९ वजा केले तर शेवटी १८०, बेरीज ६३, हव्या होत्या ९. १८ वजा करून १७१, बेरीज पुन्हा ६३. असं करत ६३वर या: शेवटी १२६, बेरीज ५४ + ९ = ६३. जमलं!

१,९८,५८,५५,७६,१२६ + ६३ = १,९८,५८,५५,७६,१८९

बाकीचे उमेदवारही तपासा, एकही बसत नाही. जनक एकच, आणि म्हणून संख्या स्वयंभू नाही.

साधनांबद्दल थोडं

हातानं एकदा केल्यावर यंत्र वापरायला हरकत नाही. एक्सेल पहिले १५ अंकच नेमके ठेवतं, त्यापुढे शून्यं भरतं आणि तसं सांगतही नाही. आपली संख्या त्यात बसते, पण तिचा वर्ग २३ अंकी आहे, तो चुकीचा येईल. पायथॉनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही. लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा लिहून पुढे संख्या दिली की मूळ अवयव लगेच येतात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर मधेच दशांशचिन्ह आणि ‘ई’ दाखवू लागला तर ते उत्तर अंदाजाचं समजा.

सरावासाठी

२२,०२१च्या जागी ३७² घ्या. ३,००३ × ३७ = १,११,१११, आणि त्याचा वर्ग १२३४५६५४३२१. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ म्हटलं. ही कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनावर सुचली होती. सगळ्या पायऱ्या हिच्यावर करा. ३७साठी कसोटी अशी: तीन-तीनच्या गटांची नुसती बेरीज करा, कारण ९९९ला ३७ने भाग जातो. इथे १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १,३३२, म्हणजे ३७ × ३६.

ताडून बघायला उत्तरं: विभाजक २४३. सगळ्या विभाजकांची बेरीज २५,३७,५५,२४,९९३, आणि संख्येची दुप्पट २४,६९,१३,०८,६४२. म्हणजे हीसुद्धा विषम आणि विपुल. अंकांची बेरीज ३६, म्हणून हर्षद नाही. स्वयंभू आहे का, ते मी सांगत नाही.